टोपड्याच्या लोकरीचा पांगारा

गुलाब कुणीही विणतं. लांब पट्टी विणायची, गुंडाळायची, खालून टाका घालायचा, की झाला गुलाब. पांगाऱ्याचं तसं नाही. त्याची प्रत्येक पाकळी वेगळी, अरुंद, टोकाला वाकलेली. शिवाय फुलं सुटी नसतात, घोसानं येतात. क्रोशाची साखळी घालून तिच्यावर खांब चढवत जायचं आणि टोकाशी टाके मुद्दाम आवळायचे, तेव्हा कुठे पाकळी वाकते. माझा पांगारा पाहून लोक विचारायचे, हे कुठल्या पुस्तकातून घेतलं? पुस्तक कसलं! कर्जतच्या यार्डामागे बांधावर पांगाऱ्याचं झाड होतं. फाल्गुनात त्याच्यावर एक पान उरत नसे, नुसती लाल फुलं आणि त्यांच्यावर साळुंक्यांची भांडणं. आमच्या खोलीच्या खिडकीतून ते समोर दिसे. मी त्याच्याकडे बघून विणलं.

माझे यजमान रेल्वेत सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलायचे. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. गाड्या तेव्हा वाफेवर चालत आणि घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिन जोडत. त्या इंजिनांच्या धुरानं धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. माझं माहेर खालापूरचं, चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे रेल्वेच्या चाळीत मी शहाणी समजली जाई. क्रोशाची सुई मात्र हातात दिली ती शेजारच्या गार्डाच्या बायकोनं. ती गोव्याकडची किरिस्ताव बाई. तिच्या हाताखाली मी पहिली वस्तू पुरी केली, ती माझ्या मुलीचं टोपडं. लाल लोकरीचं. ती लोकर तिनंच मुंबईहून आणून दिली होती.

मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि मार्गशीर्षात एका सकाळी तिनं दूध घेतलं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

सासू कडावला शेतावर राहायची. ती आली आणि तिनं तिच्या रीतीप्रमाणे सगळं उरकलं. आमच्याकडे गेलेल्या पोराची चिंधीसुद्धा घरात ठेवत नाहीत. कपड्यांच्या वासानं पोर परत येतं आणि पुढच्या पोराला हात धरून घेऊन जातं, असं मानतात. अंगडी, दुपटी, पाळण्याची दोरीसुद्धा सासूनं गाठोड्यात बांधली आणि नेऊन टाकली. कुठे, ते मी विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसून होते. मला तिचा इतका राग आला होता, की रडूसुद्धा येत नव्हतं.

टोपडं तेवढं त्या गाठोड्यात गेलं नाही. त्याची कड उसवली होती म्हणून ते गार्डाच्या बायकोकडे दुरुस्तीला होतं. पुढे कधीतरी दुपारी ती आली, कागदात गुंडाळलेलं टोपडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. चाळीत एवढी बडबडी बाई दुसरी नव्हती.

टोपडं आहे तसं ठेवलं असतं, तर सासूच्या नजरेला पडलंच असतं. ती दर पंधरवड्याला तांदूळ, भाजी घेऊन यायची आणि आल्या आल्या फळीवरचे डबे उघडून बघायची. म्हणून मी टोपडं उसवलं. आपल्याच हातानं उसवताना काय वाटलं ते मीच जाणे. लोकर कुरळी झाली होती, तशीच घेतली, आणि तिचा पांगारा विणला. खिडकीजवळच्या खिळ्याला टांगला. फुलाला कोण काय म्हणणार? यजमानांनी एकदा तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि जपून पुन्हा खिळ्याला अडकवला. त्यांनी लोकर ओळखली की नाही, देव जाणे. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

मग चैत्रात नणंद पहिलटकरीण म्हणून माहेरी कडावला आली. सातवा महिना होता, ओटीभरण ठरलं. सासू आम्हाला सांगायला कर्जतला आली तेव्हा मी विहिरीवर गेले होते. परत आले तर ती निघायच्या तयारीत. ती गेल्यावर पाहिलं, तर खिळा मोकळा! मी खोली पालथी घातली. चाळीतली पोरं, उंदीर, वारा, सगळ्यांवर संशय घेतला. सासूवर घेतला नाही, कारण तिला असल्या नाजूक कामाचं कौतुक असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ओटीभरणाच्या दिवशी मी कडावला स्वयंपाकघरातच होते. लेकरू गेलेल्या बाईनं पुढे मिरवू नये, हे कुणी तोंडानं सांगत नाही. बाईलाच ते कळावं लागतं. पंगतीचं पाणी घेऊन मी ओटीवर आले आणि थबकले. नणंद पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, आणि अंबाड्यात माझा पांगारा. सासू बायकांना कौतुकानं सांगत होती, “आमच्या सुनंनं केलाय. खरा वाटतो का नाय?”

हा वास, हे हात धरून नेणं, यातलं मी काही खरं मानत नव्हते. निदान तसं म्हणत होते. पण नणंद मानत होती. ती याच घरात वाढली होती. उद्या कसं का होईना तिला कळलं, की आपण ओटी भरून घेताना गेलेल्या पोरीचं टोपडं डोक्यात माळलं होतं, तर ती धसक्यानंच आजारी पडली असती. आणि खरं सांगते, मीही हादरले होते. शिवाय, ते माझं होतं. तेवढंच माझं होतं. यातलं कुठलं कारण पहिलं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

पहिली सवाशीण नारळ घेऊन वाकली होती. तो एकदा ओटीत पडला, की झालं ते झालं. मी तांब्या खाली ठेवला, सरळ पुढे गेले आणि नणंदेच्या अंबाड्यातून फूल काढून घेतलं. त्याच्याबरोबर तिचे दोन केस आले.

“वयनी, काय करतंस गं?” ती घाबरून म्हणाली.

“माझं आहे,” मी म्हटलं.

गाणं बंद पडलं. भरल्या पाटावरून गरोदर बाईच्या डोक्यातलं फूल ओढून काढायचं, याहून मोठा अपशकुन कडावात तरी कुणी पाहिला नसेल. मागून एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सोताचं गेलं ना, हिला दुसऱ्याचं बगवत नाय.” कुणी तिला गप्प केलं नाही. नणंद रडायला लागली. मी फूल मुठीत धरून मागच्या दारानं गोठ्याकडे गेले.

थोड्या वेळानं सासू आली. मारणारच, असं मला वाटलं. आणि मारलं असतं तरी चाललं असतं, इतकी मी अपमानानं जळत होते.

“काय केलंस हे? माज्या लेकीच्या ओटीत अपशकुन घातलास?” ती म्हणाली.

“आत्याबाई, ती लोकर टोपड्याची आहे,” मी म्हटलं. “लाल टोपड्याची.”

ती गव्हाणीच्या कडेवर बसली. आत बायकांनी पुन्हा गाणं धरलं होतं, पण सूर लागत नव्हता. सासूनं हात पुढे केला. मला वाटलं, आता हे चुलीत जाणार. तरी मी फूल दिलं. नाही कशी म्हणणार होते?

तिनं ते तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं एकेक पाकळी सरळ केली.

“माजी तिगं गेली,” ती म्हणाली. “तुजा नवरा व्हायच्या आदी. माज्या सासूनं सांगितलं तसं समदं टाकलं. चिंदी ठेवली नाय. आता डोळं मिटून बसलं ना, तरी एकाचं बी त्वांड समोर येत नाय गं. एकाचं बी.”

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस जिचा राग केला, ती बाई माझ्यासमोर शेणाच्या वासात बसून डोळे पुसत होती, आणि तिला कसं धरावं तेही मला येत नव्हतं.

फूल तिनं माझ्या पदरात बांधलं. “ठेव. पर कुणाला दावू नको,” ती म्हणाली. “आन् लोकं काय म्हनतील ते म्हनू दे. खरं सांगितलं, तर पोरगी बाळंत होईस्तवर झोपायची नाय.”

मी मान हलवली. तिनं आत जाऊन काय सांगितलं असेल ते असो. मला त्या दिवशी पुन्हा ओटीवर बोलावलं नाही, बाळंतपणालाही नाही आणि बारशालाही नाही. नणंदेला मुलगा झाला, सुखरूप. मी त्याला पाहिलं तेव्हा तो चालत होता, आणि मी जवळ जाताच नणंदेनं त्याला उचलून घेतलं. जळकी वहिनी हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. सासू असेपर्यंत आम्ही दोघींनी ते पुसलं नाही, आणि ती गेल्यावर पुसायचं म्हटलं तरी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

पुढे मला मुलं झाली, जगली, मोठी झाली. पांगारा घरातच होता. माझ्या लुगड्यांच्या तळाशी असतो, कडुलिंबाच्या पाल्यात. कसर लागू नये म्हणून दर वर्षी पाला बदलते, तेव्हा फूल हातात घेऊन डोळे मिटते. लाल रंग दिसतो, टोपड्याच्या नाड्या दिसतात, हनुवटीखाली त्यांची गाठ मारणारे माझे हात दिसतात. तिचं तोंड येत नाही.