गाण्याआधीची टाळी

ब्रह्मपुरीतल्या त्या रेकॉर्डिस्टचं नाव मी कधी विचारलंच नाही. आमच्या झाडीपट्टी नाटकाचं गाणं त्याने एकाच कॉम्प्युटरवर, पण दोन सॉफ्टवेअरमध्ये भरलं. "ढोलकी यात गोड वाटते, गळा त्यात. मी काऊन एकाचंच आयकू?" पण दोन्ही जोडलं की माझा आवाज मागे रेंगाळायचा, आणि खेळ उद्यावर आलेला.

बाह्या सारत तो म्हणाला, "बाई, ढोलकीच्या आधी मी टाळी भरली हाये. ते कानात आयका, तिच्या संगंच तुमीबी टाळी मारा, मग गा." माझी टाळी त्याने गळ्यासकट कॉम्प्युटरच्या पडद्यावर बरोबर त्या टाळीखाली सरकवली आणि गाणं समेवर बसलं!

दुसऱ्या दिवशी खेळात गाण्याला वन्समोअर मिळाला, मंडप टाळ्यांनी दणाणला. विंगेत तो तोंडभर हसत उभा होता.

"बाई, येवढ्या टाळ्या आता कुठी बसवू?"