लाल पेनाने लिहिलेलं ‘सी मी’

“हर एस के सिर पे मच्छर बैठा है, यार.”

राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत, लिफ्टशेजारच्या बोर्डासमोर उभी राहून इशिता हे म्हणाली आणि मी हसले. एवढं कदाचित कधीतरी घरी सांगितलंही असतं. त्यापुढचं मात्र इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नव्हतं – आईलाही नाही.

बोर्डावर पाण्याच्या टाक्या धुण्याबद्दल इंग्रजी नोटीस होती, हाताने लिहिलेली. अक्षर माझ्या बाबांचं. इशिता माझ्या वर्गात नवी आली होती, तिला ते माहीत नव्हतं.

बाबा फौजेतले. गावच्या मराठी शाळेत शिकलेले, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. इंग्रजी शिकले ते माझ्या वह्यांवरून. मी खेळायला गेले की कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये माझी वही उघडून बसायचे. अपॉस्ट्रॉफीला ते ‘वरचा स्वल्पविराम’ म्हणत. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर नोटीस आधी पूर्ण लिहायचे, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून एकेक चिन्ह द्यायचे. रेसिडेंट्स, टँक्स, बकेट्स – अनेकवचन दिसलं की ‘एस’च्या डोक्यावर हे चिन्ह. ते चूक आहे हे मला सहावीपासून ठाऊक होतं. कधी बोलले नाही. मी लाजाळू होते म्हणून? की मला त्यांची लाज वाटत होती?

इशिता आता विचारेल, हे लिहिलंय कुणी – या भीतीने मी तिचं लाल पेन मागून घेतलं. चुकीच्या चिन्हांभोवती सात वर्तुळं काढली. खाली, आमच्या टीचर लिहायच्या तसं, मोठ्या अक्षरांत ‘सी मी’, म्हणजे मला येऊन भेट, असं लिहिलं. इशिता पोट धरून हसली. मला – हेही सांगायलाच हवं – बरं वाटलं.

मला काय माहीत, बाबा खरंच जातील? फौजेत असा शेरा आला की हजर व्हायचं असतं. संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नोटीस काढून घेतली आणि एकेका मजल्यावर जाऊन दार वाजवलं. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त प्रोफेसर, मग बँकेतल्या मॅडम, मग आणखी कोण कोण – आपने बुलाया था? परत आले तेव्हा कागद हातातच होता. आईला म्हणाले, कुणीतरी शिकलेलं माणूस आहे, भेटलं असतं तर नीट समजून घेतलं असतं. मी होमवर्क करत होते. मान वर केली नाही.

पुढे नोटिसा कॉम्प्युटरवर दुसरं कुणी करू लागलं.

गेल्या रविवारी बाबांनी मला एक कागद दिला. त्यांच्या जुन्या साहेबांना लिहिलेलं पत्र. एकदा बघून दे म्हणाले. पत्रात एकही चिन्ह नव्हतं. ‘डोन्ट’मध्ये नाही, ‘आय अॅम’ जोडून लिहिलं होतं तिथेही नाही. जिथे हवंच, तिथेसुद्धा नाही. मी विचारलं, असं का?

“कुठे द्यायचं ते कळत नाही बेटा, म्हणून देतच नाही,” ते चष्मा पुसत म्हणाले. “ज्याने बोलावलं होतं, तो माणूस काही सापडला नाही.”

मी पत्र टेबलावर ठेवलं.

“बाबा, मी बोलावलं होतं.”