हळदीत चुना

आज वर्गात पोरींना शिकवताना मी हळदीच्या पाण्यात चुना टाकला आणि पाणी लालभडक झालं. मी लहान असताना चिखलीच्या शाळेत आमच्या सरांनी हेच करून दाखवलं होतं. "पाहा, कुंकू असंच बनते," ते म्हणाले. शेजारी मंदा बसली होती. तिचे वडील नुकतेच गेले होते. मी मोठ्यानं म्हणाले, "सर, मंग मंदीच्या मायले हे काय कामाचं?"

वर्ग खिदळला. सरही हसले. मंदा उठली, टेबलावरचं लिंबू तिनं त्यात पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं.

"झालं तुह्या मनासारखं?" ती म्हणाली.

परवा माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं. आज लिंबू पिळताना पोरी माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत होत्या. मागून कोणीतरी खुदकन हसलं.