सशांच्या लसीचा संशय

ते प्रयोगशाळेत सशांची देखभाल करत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना ससेकाका म्हणत. तिथे नर सशांना एक लस टोचत. ती लागू पडली की नराचं शरीर स्वतःच्याच बीजाला शत्रू समजे, आणि मादीजवळ सोडूनही पिल्लं होत नसत. पुढेमागे पुरुषांसाठी अशी लस करायची, म्हणून हा खटाटोप. काकांनी घरी मोठ्या कौतुकाने हे सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा काही हलत नव्हता. एकदा विहीणबाई हसत हसत काकूंना म्हणाल्या, "घरी येताना हातबित धुतात ना व्याही?" काकूंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या काकांचे कपडे वेगळे भिजवू लागल्या. काका मुलाला वाढायला गेले, की "राहू द्या, मी वाढते."

काकांनाही चैन पडेना. मागे एक ससा त्यांना कडकडून चावला होता. शेवटी त्यांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंना विचारलंच, "बाई, माझ्यातून मुलाला काही गेलं असेल का?"

"काका, टोचल्याशिवाय ही लस चढत नाही. चाव्यातून नाही, कपड्यांतून तर नाहीच. टोचलेल्या काही सशांनासुद्धा पिल्लं झालीच की!"

काकांनी घरी येऊन हे सांगितलं, पण काकूंना पटलं नाही. "बाई त्यांच्या लसीची बाजू घेणारच. आपण मुलाची तपासणी करू."

"तपासणीबिपासणी काही नको," मुलगा ताडकन म्हणाला.

काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे आहेच काहीतरी!"

तेव्हा सून पुढे आली. "आई, काही नाहीये. आम्हालाच इतक्यात मूल नकोय. मी गोळ्या घेते."

काका मुलाकडे वळले. "माझे कपडे वेगळे भिजत होते, ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं, बाबा." त्याने मान खाली घातली. "बिल तुमच्या नावावर फाटत होतं, आम्हाला कोणी छेडत नव्हतं. म्हणून गप्प राहिलो."

विहीणबाईंनी ते शेवटपर्यंत खरं मानलं नाही. लेक सासऱ्यांना सांभाळून घेतेय, म्हणाल्या. त्याचं काकांना काही वाटलं नाही. मुलाशी मोकळेपणाने बोलायला मात्र त्यांना फार दिवस लागले.