आमच्या तालुक्याचं अमेरिकन पुस्तक

बोअरची गाडी फाट्यावरून परत गेली, त्याला कारण मी. गाडीबरोबरच्या ओव्हरसियरच्या हातात एक छापील पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, की हिवरमाळ या वस्तीवर कोणीही राहत नाही. जिथं कोणी राहत नाही तिथं हातपंप कशाला? ओव्हरसियरचं काही चुकलं नाही. गाडीच्या मागं एक सत्तरीचा म्हातारा काठी उंचावून ओरडत पळत होता, हे त्यानं आरशात पाहिलंही म्हणे. पण पुस्तक छापील होतं आणि म्हातारा छापील नव्हता.

ते पुस्तक मी लिहिलं होतं.

एकोणीसशे नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. मी सांख्यिकी सहायक होतो, म्हणजे सरकारसाठी माणसं, विहिरी, गुरं आणि कोंबड्या यांचे तक्ते भरणारा माणूस. कचेरी बारामतीची की इंदापूरची, ते सांगत नाही. हिवरमाळ दोन्ही तालुक्यांच्या शिवेला लागून आहे, आणि वस्तीचं काही काम निघालं की दोन्हीकडचे लोक ती दुसऱ्या तालुक्यात असल्याची खात्री देत. खरं तर ती आमच्याकडं होती. मला ते माहीत होतं.

त्या वर्षी ऊस, द्राक्षं आणि दूध पाहायला अमेरिकेतून पाहुणे आले. ते तिकडच्या एका काउंटीचे होते. काउंटी म्हणजे काय, हे कचेरीत कोणालाच नीट कळलं नाही. तालुक्याहून मोठी आणि जिल्ह्याहून लहान असावी, असा निर्णय चहाच्या वेळी झाला. ही काउंटी एका मोठ्या शहराच्या कडेला पसरलेली होती. नोकरी शहरात, घर काउंटीत आणि मधल्या अंतरात मोटार. पाहुण्यांनी आमच्या साहेबांना काउंटीची माहिती देणारं एक गुळगुळीत पुस्तक भेट दिलं. साहेबांनी त्यांना शाल दिली. तिथंच हा व्यवहार संपला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

“पाटसकर, इंग्रजी येतं ना तुम्हाला?”

“वाचता येतं साहेब.”

“मग हे वाचा आणि असंच आपल्या तालुक्याचं करा. इतिहास, भूगोल, लोकसंख्या. एक महिना. त्यांना एक प्रत पाठवायचीय.”

मी पुस्तक घरी नेऊन वाचलं. इतिहासात पहिली वस्ती करणारे लोक आले, त्यांनी गिरणी घातली, मग रेल्वे आली, मग घरंच घरं झाली. त्यांच्या आधी तिथं कोण राहत होतं, यावर दीड ओळ होती. भूगोलात एक नदी, थोड्या टेकड्या आणि वेळेवर पडणारा पाऊस. लोकसंख्येत मात्र त्यांनी कमाल केली होती. दर घराला नंबर, दर नंबराला माणसं, माणसांची वयं, घरातल्या खोल्या, दारातल्या मोटारी. आणि मोजणारा गेला तेव्हा सगळी माणसं घरी! मला त्या काउंटीचा हेवा वाटला.

आमचा इतिहास मी दोन दिवसांत उरकला. ज्या गावातून कोणी राजा, संत किंवा फौज गेली ते गाव ऐतिहासिक. बाकीची गावं मी भूगोलात टाकली. भूगोल त्याहून सोपा होता. कालव्याच्या खाली ऊस, कालव्याच्या वर कुसळं. साहेबांनी ‘कुसळं’ खोडून ‘कोरडवाहू विकासास भरपूर वाव’ असं घातलं.

अडलं ते लोकसंख्येपाशी. नुकतीच जनगणना झालेली होती. गावांचे आकडे होते, पण काउंटीच्या पुस्तकात लहानात लहान वस्तीचाही तक्ता होता, म्हणून साहेबांना वाड्यावस्त्यांचाही हवा होता. मोजणी प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी केली होती. त्यांच्या कागदांवरून मी वस्त्यांची यादी करायला बसलो. हिवरमाळाच्या कागदावर गुरुजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : घरं एकोणतीस. सत्तावीस घरांना कुलूप. माणसं चार, सर्व वृद्ध.

आता याचं कारण कोणी सांगायला नको होतं, निदान मला तरी. हिवरमाळ ही धनगरांची वस्ती. दिवाळी झाली की माणसं बायकापोरांसह मेंढरं घेऊन घाट उतरतात. कोकणात शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाच्या सुमाराला परत यायचं. जनगणना होते उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे देश ज्या दिवसांत मोजला जातो, त्या दिवसांत हिवरमाळ रोह्याच्या नाहीतर माणगावच्या एखाद्या शेतात असतो. माझं आजोळ कऱ्हाटीचं. कळप जाताना मी लहानपणापासून पाहिले होते.

तरी मी तक्ता साहेबांपुढं ठेवला.

“चार?” साहेब म्हणाले. “अमेरिकेला कळवायचं का, की आमच्याकडं चार-चार माणसांची गावं आहेत म्हणून?”

“साहेब, ते लोक मेंढरं घेऊन बाहेर...”

“ते तक्त्यात कुठं दाखवणार? काहीतरी करा.”

साहेब ‘काहीतरी करा’ एवढंच म्हणाले. पुढचं मी केलं. महसुलात एक शब्द आहे, बेचिराख. गावाचं नाव दप्तरात आहे, पण वस्ती उठून गेलेली, असं गाव. मी हिवरमाळ त्या रकान्यात टाकला. चार म्हातारी माणसं होती, त्यांचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं म्हणालो तर खोटं होईल. पण तक्ता सुरेख दिसत होता. पुस्तक छापून आलं तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मला त्याचा आनंद झाला.

टाइप केलेली, छापलेली आणि मुख्य म्हणजे फुकट मिळणारी वाड्यावस्त्यांची यादी तालुक्यात तेवढी एकच. त्यामुळं पुस्तक बघता बघता प्रत्येक खात्याच्या टेबलावर गेलं. हिवरमाळाचा हातपंप आधीच मंजूर होता. पाणीपुरवठ्याच्या ओव्हरसियरनं फाट्यावर गाडी थांबवून मंजुरीची यादी पुस्तकाशी ताडून पाहिली, आणि गाडी तिथूनच वळवली.

दुसऱ्या दिवशी तो काठीवाला म्हातारा माझ्या टेबलासमोर उभा. भिवातात्या. गुरुजींनी मोजलेल्या चौघांतला एक.

“पुस्तक तुमी लिवलं व्हय?”

“हो. बसा तात्या.”

“बसतो की. पण मी हाय का न्हाय ते आधी सांगा. नसलो तर खुर्ची कशाला अडवू?”

मागच्या टेबलावरचे हसले. मीही हसलो. म्हणालो, “चूक झाली. दुरुस्त करून घेतो.”

“किती दिस लागतील?”

“लागतील थोडे.”

“आमची म्हातारी, हिराबाई, कालव्यावरनं पाणी आणती. खाली उतरायचं, हंडा भरायचा, माळ चढून यायचं. तिला सांगतो, थोडेच दिस हायेत.”

मी शुद्धिपत्रकाचा मसुदा केला. शुद्धिपत्रक म्हणजे पुस्तकात चिकटवायची कबुलीची चिठ्ठी. साहेबांनी वाचली आणि परत दिली.

“पाटसकर, प्रत अमेरिकेला गेली. आता चिठ्ठी घेऊन तिकडं कोण जाणार?”

“साहेब, इथल्या प्रतींना तरी...”

“म्हणजे तिकडचं पुस्तक एक सांगणार आणि इथलं दुसरं? आणि वस्तीवर माणसं आहेत याला पुरावा काय? जनगणनेत चार. चार माणसांना हातपंप बसतो का?”

बसत नव्हता. नियमात किमान लोकसंख्या होती. म्हणजे मी खरं लिहिलं असतं तरी पंप गेलाच असता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. मंजुरी जुन्या पाहणीवरून झालेली होती, आणि माझं पुस्तक नसतं तर ती कोणी उकरून काढली नसती.

तात्या दर बाजारच्या दिवशी यायचे. येताना कधी मूठभर हुलगे, कधी शेवग्याच्या शेंगा. मी नको म्हणालो की म्हणायचे, “घ्या वो. जितं माणसंच न्हाईत, तितल्या शेंगा कुणाच्या?” मी फाइल पुढं सरकवत होतो, फाइल परत येत होती. मधे कालव्याचं आवर्तन बंद झालं, म्हणजे पाणी सोडणं थांबलं. पात्रात डबकी उरली.

एका बाजारी ते आले आणि शेंगा नव्हत्या.

“हिराबाई पडली,” ते म्हणाले. “कालव्याचा काठ निसरडा झालाय. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ठिवलीया.”

मी खुर्ची पुढं ओढली.

“तुमच्या पुस्तकात ती न्हाय,” तात्या शांतपणे म्हणाले. “दवाखान्यात मातुर लगीच घेतली.”

त्या दुपारी मी पहिल्यांदा हिवरमाळावर गेलो. कचेरीपासून मोटारसायकलनं पाऊण तास. पुस्तक लिहिताना हा पाऊण तास मला मिळाला नव्हता. सत्तावीस कुलपं, एक मंदिर, मंदिरात तेवणारी समई. कालव्यावर उतरून एक कळशी भरली आणि माळ चढून वर आणली. दोनदा टेकलो.

मृग लागला आणि कळप परतले. निरोप येताच मी रजिस्टर घेऊन गेलो. साहेबांना सांगितलं नाही. गुरुजींना बरोबर घेतलं, साक्षीला. ही मोजणी मी नोकरीत केलेली सगळ्यात गोंगाटाची मोजणी.

“नाव?” मी एका बाईला विचारलं.

“धोंडाबाई.”

“नवऱ्याचं?”

“ते कसं घिऊ? त्ये काय हितंच उभं हायेत, त्यास्नीच इचारा.”

नवरा म्हणाला, “ईस वर्सं झाली लग्नाला, एकदाबी नाव घितलं न्हाय. ‘अवं’ म्हनती. तुमी ‘अवं’च लिवा.”

“वय?”

“बाहत्तरच्या दुष्काळात मला मिसरूड फुटलं हुतं. धरा तुमीच.”

एकानं मेंढरंही लिहा म्हणून हट्ट धरला. “मान्सापरीस ती जास्त हायेत. पंप लवकर यील.” गुरुजींनी त्याला गप्प केलं. शेवटी बेरीज केली. नियमापेक्षा बरीच जास्त निघाली. सगळ्यांचे अंगठे, गुरुजींची सही, सरपंचाचा शिक्का. मी ते कागद साहेबांपुढं ठेवले आणि आयुष्यात एकदाच आवाज चढवून म्हणालो, “साहेब, चूक माझी आहे. लेखी कबूल करतो. नोटीस काढा. पण हे मान्य करा.”

साहेब वाईट माणूस नव्हते. साहेब हुशार होते, आणि ते जास्त अवघड असतं. त्यांनी पाच मिनिटं विचार केला.

“नोटीस कशाला? पुस्तक बरोबरच आहे. हिवरमाळ बेचिराख. आता तुमच्या पाहणीत असं आढळलं, की त्याच्या शेजारी नवीन वस्ती झाली आहे. नवीन हिवरमाळ. स्थापना चालू साल. नव्या वस्तीला पंप देता येतो. चिठ्ठी नको, शुद्धिपत्रक नको.”

“पण साहेब, ही तीच घरं आहेत. त्यांचं देऊळ पाच-सहा पिढ्यांचं आहे.”

“देऊळ जुन्यात राहू द्या. माणसं नव्यात घ्या.”

हे तात्यांना सांगायला मीच गेलो. हिराबाई घरी आली होती, बाजेवर होती. मी सांगितलं, की पंप मिळेल, पण कागदावर तुम्ही यंदा इथं राहायला आलात असं होईल. तुमच्या आज्या-पणज्याची वस्ती ओसाड राहील. अर्जावर वस्तीतर्फे तुमचा अंगठा लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी वर भांडेन, पण किती दिवस लागतील ते माहीत नाही.

तात्या देवळाकडं बघत होते. “म्हंजी माझ्या बापानं हितं जल्म काढला, ते खोटं म्हनून मी अंगठा द्यायचा?”

“कागदावर.”

बाजेवरून हिराबाई म्हणाली, “द्या की. बाप काय कागदावर ऱ्हात व्हता? सुनांची हाडं मोडायची वाट बगताय काय?”

तात्यांनी अंगठा दिला. मग शाईचं बोट धोतराला न पुसता तसंच वर धरून बसून राहिले.

पंप महिन्याभरात बसला. पाणी थोडं मचूळ लागलं, पण बारमाही. पहिला हंडा भरला तेव्हा नारळ फोडायला साहेब आले आणि तालुक्यातल्या सर्वांत तरुण वस्तीचं त्यांनी अभिनंदन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या आले नाहीत. मेंढरं राखायला माणूस नव्हता, असं त्यांनी कळवलं. हिराबाई पुढं काठी घेऊन चालू लागली, पण पंपापर्यंत नाही. तिचं पाणी सुना आणत.

पुढं मी बढती घेऊन बदलून गेलो. बढतीच्या शिफारशीत त्या पुस्तकाचा गौरवानं उल्लेख होता. दप्तरात आजही हिवरमाळ बेचिराख आहे आणि त्याच जागी नवीन हिवरमाळ भरलेला आहे. कोणी विद्यार्थी तालुक्याचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला कळेल की हे धनगर नव्वदनंतर कुठून तरी येऊन इथं राहिले. आधार म्हणून तो माझं नाव देईल.

नवे सहायक कधी कधी माझ्याकडं अनुभव विचारायला येतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की मोजायला जाण्याआधी माणसं घरी कधी असतात ते विचारून घ्या. ते वहीत लिहून घेतात. मग विचारतात, तक्त्यात हे कोणत्या रकान्यात भरायचं?