आईच्या वाक्यावर हशा

माझ्या भावाला किनाऱ्यावर आणलं तेव्हा आई काय म्हणाली, ते मी वाचलं आणि सभागृह हसलं.

गालातल्या गालात नाही. खो खो. मागच्या रांगेतल्या एका माणसाने मांडीवर थाप मारली. पुढे बसलेल्या एका बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. त्याही हसत होत्या. आणि दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, माझी आई बसली होती.

वाक्य असं होतं. "त्येला वल्यात ठेवू नका रे. त्येला लगेच पडसं व्हतंय."

बाबू माझा धाकटा भाऊ. बोटीवर खलाशी होता. खाडीच्या तोंडाशी बोट उलटली. बाकीचे पोहून आले, बाबू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. लोकांनी त्याला ओल्या वाळूतच ठेवला होता. आई धावत आली, त्याच्याकडे बघितलं आणि हे म्हणाली. ओरडून नाही. शेजारणीला काहीतरी सांगावं तशी. मग खाली बसून पदराने त्याचं डोकं पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. हे सगळं मी लिहिलं होतं.

डोकं पुसल्याचं वाक्य वाचायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. समोर अजून हसत होते. मी कागद धरून नुसती उभी. हशा ओसरला, तेव्हा कुठे आवाज फुटला आणि मी उरलेलं वाचून टाकलं.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, "काय टायमिंग आहे तुमचं! हशा पूर्ण होऊ दिलात. हे शिकवून येत नाही."

हे सर पुण्याहून आले होते. रत्नागिरीत तीन दिवसांची कार्यशाळा होती, लेखन सुधारायचं कसं यावर, आणि शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावून सभागृहात वाचन. भरवली होती डॉक्टरांच्या मॅडमनी. मी डॉक्टरांच्याच दवाखान्यात काउंटरला बसते, पेशंटचे नंबर लावते. मॅडमच्या माहेरच्या आंब्याच्या बागा, सासरचा दवाखाना. गावात काही चांगलं व्हायचं तर त्यांच्याशिवाय होत नाही, असं सगळे म्हणतात. त्याही म्हणतात. त्यांनी एकदा मला काउंटरमागे पाठकोऱ्या कागदावर लिहिताना पाहिलं. "अगं, तू लिहितेस? मग ये की. तुझी फी नको." मला आनंद झाला. तोंडदेखला नाही, खरा.

आणि खोटं कशाला बोलू, सर चांगलं शिकवायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना आपल्या घराबद्दल अर्धं पान लिहायला लावलं, मग म्हणाले, आता सगळी विशेषणं खोडा. एका निवृत्त बाईंचा निळाशार, अथांग, धीरगंभीर समुद्र होता. नुसता समुद्र उरला. बाई चहाच्या सुट्टीपर्यंत फुगून बसल्या. माझ्या पानावर खोडायला फारसं काही निघालं नाही. समुद्र अथांग आहे असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पाणी चढतंय की उतरतंय, एवढंच विचारतात. सरांनी माझं पान सगळ्यांना दाखवलं. मी लाजले. मनातून हरभऱ्याच्या झाडावर चढलेही.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, 'तिला दुःख झालं' असं लिहू नका. दुःख झालेली बाई हाताने काय करते ते लिहा. ती काय बोलते ते लिहा, आणि बोलते तसंच लिहा. मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर समजा वाक्य खोटं आहे. मी घरी मागच्या पायरीवर बसून वाचलं. आईचं वाक्य वाचताना जीभ कुठेही अडखळली नाही. कशी अडखळेल?

अजून एक सांगितलं होतं. बोलीभाषा जेवणातल्या मिठासारखी, चवीपुरतीच. म्हणून मी कथा पुस्तकी भाषेत लिहिली आणि आईला तेवढं आईसारखं बोलू दिलं. सांगितलेलं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तेच तर लागलं मला. माझं काही चुकलं असतं तर बरं झालं असतं. दुरुस्त करता आलं असतं.

शेवटी बक्षीस दिलं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'उत्कृष्ट विनोदी सादरीकरण'. मी ते घेतलं. नको म्हणायचं सुचलंच नाही. फोटोत मी हसतेय. लोक हसायला सांगतात तेव्हा आपण हसतो.

आई जवळ येऊन उभी राहिली. माझी आई मासे विकते. बाजारात तिचा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत जातो. दरावरून कोणी वाकडं बोललं तर त्याची सात पिढ्यांची हजेरी घेते. मॅडम तिच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही खरंच अशाच बोलता? बोला ना काहीतरी!" आजूबाजूचे चारपाचजण वळले. एकाने मोबाइल वर धरला.

आईने माझ्याकडे बघितलं. मग एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी म्हणाली, "नाही. मला काही बोलता येत नाही."

तिच्या तोंडून असं मराठी मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हटलं, "चल, एसटी चुकेल."

एसटीत ती खिडकीकडे बसली. मला वाटलं, झोप लागली. अर्धी वाट गेल्यावर विचारलं, "मी काय चुकीचा बोलले का गो तवा?"

"नाय गो आये."

"मंग मान्सा कशाला हसली?"

उत्तर मला माहीत होतं. नाटकात आमच्यासारखं बोलणारा माणूस आला की तो हसवायलाच आलेला असतो. नोकर असतो, दारुडा असतो, नाहीतर भोळाभाबडा गाववाला. लोकांच्या कानांना तेवढंच ठाऊक आहे. आमचा एक शब्द कानावर पडला की अर्थ पोचायच्या आधी हसू पोचतं. पण हे आईला एसटीत कसं सांगायचं? आये, तू बरोबर बोललीस, फक्त ज्या भाषेत बोललीस तिच्यात लोकांना मेलेलं माणूस दिसत नाही, असं सांगायचं?

ती परत म्हणाली, "काय म्हनायला पायजे व्हता मी?"

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. थांबा आला तेव्हाच सोडला.

मी ते पडशाचं वाक्य वाचतानाचं कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते फिरलं. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. दवाखान्यात पेशंट यायला लागले ते काउंटरवर वाकून विचारायचे, "तुम्हीच ना त्या? म्हणा ना ते!" सर्दी झालेले तर हमखास. नाव विचारलं की नाक ओढत म्हणायचे, "मना पडसं व्हतंय वो," आणि आपणच हसायचे. आमच्याकडे असं बोलतही नाहीत. मी नंबर लिहून द्यायचे. नोकरी आहे. पेशंटशी हुज्जत घालून चालत नाही. घरी आल्यावर भांडी आपटायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

मग मी कथाच बदलायला घेतली. आईचं वाक्य पुस्तकी भाषेत लिहिलं. 'त्याला ओल्यात ठेवू नका. त्याला लगेच सर्दी होते.' मोठ्याने वाचलं. यावर कोणी हसलं नसतं. पण हे बोलणारी बाई कोण? मला माहीत नव्हती. तिचा मुलगाही कोणी दुसराच वाटला. मग वाक्य काढूनच टाकलं, नुसतं डोकं पुसणं ठेवलं. सरांनी शाबासकी दिली असती, इतकं नीट झालं. पण आई त्या दिवशी बोलली होती. बोललेल्या बाईला मुकी करायची? मग वाक्य सुरुवातीला आणलं, मग शेवटी नेलं. त्याच्या आधी तीन ओळी अशा घातल्या की कोणाला हसायची छातीच होऊ नये. वाचलं तर ते गयावया वाटलं. प्लीज हसू नका, असं म्हटल्यासारखं. माझा मलाच राग आला. लिहिण्यातले सगळे उपाय करून झाले होते आणि बिघाड लिहिण्यात नव्हताच.

अशात एका संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. शेजारचं पोर आमच्या अंगणात पाण्यात खेळत होतं. आई आतून ओरडली, "वल्यात नको रे..." आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मग हळू, नीट म्हणाली, "ओल्यात खेळू नकोस."

पोराला काही फरक पडला नाही. ते खेळत राहिलं. मी मात्र बसल्या जागी गार झाले. बाबू गेला तेव्हा आईचं बोलणं बंद झालं नव्हतं. समुद्राने ते घेतलं नव्हतं. ते माझ्या कथेने घेतलं, आणि त्या हसणाऱ्यांनी.

त्यानंतर मॅडमचा निरोप आला. वार्षिक कार्यक्रम आहे, मोठं सभागृह, मुंबईहून पाहुणे, तुझी ती कथा ठेवलीय. तालमीला घरी ये. मी गेले. न जाऊन कुठे जाणार? पगार त्याच घरातून येतो. जाताना मनात एवढंच होतं की समजावून सांगू. मॅडम शिकलेल्या आहेत, ऐकतील.

दिवाणखान्यात मॅडम आणि कमिटीच्या दोघीतिघी बसल्या होत्या. काजूची बशी पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "थोडा अजून हेल काढून वाच हं. आणि मावशींना पण आणू. तू तिथपर्यंत आलीस की त्या स्टेजवर येतील आणि ते वाक्य त्याच म्हणतील. धमाल येईल."

मी म्हटलं, "मॅडम, ते वाक्य माझा भाऊ गेला तेव्हाचं आहे."

"अगं, माहितीये आम्हाला. म्हणून तर ते इतकं भारी होतं ना. दुःखातला विनोद."

"त्यात विनोद नाहीये."

"तुला नाही कळत, लेखकाला स्वतःला कळत नाही कधीकधी. तू वाच तर."

मी वाचायला लागले. का, ते आजही सांगता येत नाही. सवय असेल. त्या वाक्यापर्यंत आले आणि मान वर केली. तिघीचौघींची तोंडं आधीच हसायला तयार होती. वाक्य अजून मी म्हटलंही नव्हतं.

तेव्हा मला समजलं. मी कसंही लिहिलं असतं, तरी ही तोंडं अशीच तयार असती.

मी कागद मिटले. "मी वाचणार नाही. आई पण येणार नाही."

"म्हणजे? पत्रिका छापायला गेलीय!"

"माझं नाव काढायला सांगा."

मॅडमचा आवाज खाली आला. हा आवाज मी दवाखान्यात ऐकलाय, झाडूवालीशी बोलतानाचा. "हे बघ, आम्ही तुला फुकट घेतलं. व्यासपीठ दिलं. तुला कोण ओळखत होतं?"

लिहायला सोपं आहे की मी बाणेदारपणे निघाले. तसं काही नव्हतं. चप्पल घालताना डावी उजवी कळेना. दारात वळून एवढंच बोलले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "वळकू नका. पन हसू पन नका."

आतून कोणीतरी खुदकन हसलं. ऐकू आलं मला.

नोकरी अजून आहे. मॅडम येतात, माझ्याकडे न बघता आत जातात. डॉक्टर काही बोलले नाहीत, उद्या बोलतीलही. कार्यक्रम माझ्याशिवाय झाला, चांगला रंगला म्हणे. माझं ते जुनं चित्रण अजून फिरतंय, ते मला थांबवता येत नाही. आणि आई? आई बाजारात पूर्वीसारखी बोलते. पण बाबूचं नाव निघालं की अजूनही माझ्यासमोर शब्द जपून वापरते. मी तिला म्हटलं, आये, तू बोलतेस तशीच बोल. ती म्हणाली, "हो." हो म्हणाली. व्हय नाही.

तिचं ते 'व्हय' मला परत आणून देता येईल का, माहीत नाही. बहुतेक नाही. मी पुष्कळ रडले त्यावर. आता रडणं संपलंय.

हे सगळं मी तुमच्या भाषेत लिहिलं. एकही शब्द तुम्हाला हसवणार नाही याची काळजी घेत, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून बघत. हे शेवटचं. यापुढे मी जे लिहीन ते पहिल्या शब्दापासून आईच्या भाषेत असेल. चवीपुरतं नाही, सगळंच. त्यात बाबू पुन्हा मरेल आणि आई त्याला वल्यातून उचला म्हणेल. कोणी हसलं की मी वाचायची थांबेन, हशा पूर्ण होऊ देईन, आणि तेच वाक्य परत वाचेन. परत हसले तर परत. सभागृह रिकामं झालं तरी चालेल. ते वाक्य मी बदलणार नाही.