रनाळ्याच्या माळावरचा रोशा

सकाळचे आठ वाजलेले. रनाळ्याबाहेरचा माळ. नाल्याकाठी रोशाची भट्टी पेटलेली.

रोशा म्हणजे आमच्या पश्चिम खानदेशातलं सुगंधी गवत. उकळलं की अत्तराचं तेल निघतं. दुसऱ्या महायुद्धाआधी मी नंदुरबारच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो, आणि या भट्टीवर बातमीपेक्षा किस्सेच जास्त मिळायचे. बातम्या संपादक कापायचे, किस्से माझ्याकडे साठत गेले!

* * *

पुण्याहून वनस्पतिशास्त्राचे एक प्रोफेसर आले होते. रोशा झपाट्याने नाहीसा होत होता. तो कुठे उरलाय आणि कुठून गेलाय, हे त्यांना शोधायचं होतं. तळोद्याचे डोंगर पालथे घालून त्यांनी गावोगावचे नमुने पोत्यात भरून आणले, पोतं भट्टीजवळ टेकवलं आणि नाल्यावर तोंड धुऊन झाडाखाली झोपले.

दुपारी उठतात तो पोतं रिकामं! भट्टीवाला उखाभाऊ खुशीत म्हणाला, "बाबा, तुमना गवतनं तेल बेस निंघनं!"

* * *

प्रोफेसर काडी न् काडी चुरगळून हुंगायचे, कधी चावून बघायचे. अक्कलकुव्याकडे एका भिल्ल आजीने हे लांबून पाहिलं आणि घरातून भाकरी आणून त्यांच्या हातावर ठेवली. सोबतच्या माणसाने तिचं बोलणं सांगितलं, "गवत नको खाऊ म्हणते. पोट दुखेल."

* * *

भट्टीचे मालक मगनशेट मारवाडी. गवत फुलोऱ्यातच कापतात, बी धरू देत नाहीत, म्हणून रोशा संपतोय, असं मी सणसणीत छापलं. शेट दुसऱ्याच दिवशी ऑफिसात! मी भांडायच्या तयारीत.

"साहेब, एवढं लिहिलंत, मग माझं नाव का नाही टाकलं? तेवढीच जाहिरात झाली असती!"

* * *

जंगलखात्याचे रेंजरसाहेब रोशाची पाहणी करायला निघाले ते ऐन वैशाखात! वणव्याने माळ काळाठिक्कर. साहेब म्हणाले, "इथे रोशा नाहीच."

प्रोफेसर भडकले. "भर दुपारी वर बघून चांदण्या नाहीत म्हणाल!"

* * *

शेवटी प्रोफेसरांनी हट्ट धरला, रनाळ्याच्या माळाचा एक तुकडा बी धरेपर्यंत कुणी कापायचा नाही. सपाटीवरचा रोशा तेवढाच उरला होता. मगनशेट चक्क कबूल झाले. रेंजरसाहेबांनी पाटी ठोकली, 'राखीव. गवत कापू नये.'

बी गोळा करायला गेलो, तर पाटी उभी आणि माळ भुंडा! प्रोफेसर एकेक बुडखा चाचपत फिरू लागले. मी उखाभाऊवर ओरडलो.

"दादा, मन्हावर कावू नका. भट्टी दिवाईपासून बंद शे!"

मगनशेटनी देवाची शपथ घेतली. मी तसाच तावातावाने रेंजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते.

"चौकशी चालू आहे," म्हणाले.

बंगल्यावर नवं कोरं गवताचं छप्पर चढलं होतं, आणि त्याचा सुगंध फाटकापर्यंत येत होता.